क्रूझवर पाकीट नव्हे, खातं सांभाळायचं

क्रूझला निघताना रोख किती न्यावी, हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर सोपं आहे: वाटते त्यापेक्षा बरीच कमी. जहाजावर रोख जवळजवळ कुठेच चालत नाही. कॅसिनोची टेबलं आणि एखाद्या कर्मचाऱ्याच्या हातात द्यायची टिप सोडली, तर नोटेला तिथे काही काम नाही. सगळा खर्च तुमच्या नावाच्या खात्यावर चढतो आणि प्रवास संपताना एकदम वसूल होतो. घोळ होतो तो इथेच. पैसे हातातून जाताना दिसत नाहीत, त्यामुळे किती गेले ते शेवटच्या सकाळी कळतं.

केबिनचं दार उघडणारं कार्डच बारमध्ये, स्पामध्ये, दुकानात आणि फोटो काउंटरवर चालतं. क्रूझ कंपन्यांपैकी रॉयल कॅरिबियन त्याला सीपास म्हणते, कार्निव्हल सेल अँड साइन म्हणते, आणि प्रिन्सेसच्या जहाजांवर कार्डाऐवजी मेडॅलियन नावाची नाण्याएवढी चकती मिळते. नाव काहीही असो, यंत्रणा तीच. चेक-इन करताना त्याला एक क्रेडिट कार्ड जोडायचं, नाहीतर रोख अनामत भरायची.

कार्ड क्रेडिटच जोडा, डेबिट नको. कारण होल्ड. जहाज तुमच्या बँकेकडून आधी ठरावीक रक्कम राखून ठेवतं आणि जसजसा खर्च वाढेल तसतशी आणखी रक्कम अडकवत जातं. प्रवास संपल्यावर खरी वसुली होते, पण आधीचे होल्ड त्याच क्षणी सुटतातच असं नाही. ते सुटायला काही दिवस, कधी आठवडाभर किंवा त्याहून जास्त लागतात. क्रेडिट कार्डावर तेवढ्यापुरती मर्यादा कमी दिसते, एवढंच. डेबिट कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात. समजा खात्यात ८०० डॉलर आहेत आणि जहाजावर ५०० खर्च झाले. ५०० चे होल्ड तसेच असताना ५०० ची वसुली आली, तर बँकेच्या हिशोबाने तुम्हाला १००० हवेत. मग वसुली तरी अडते, नाहीतर परतीच्या टॅक्सीलाही खात्यात पैसे उरत नाहीत. प्रवासी प्रीपेड कार्डांची गतही हीच, आणि काही कंपन्या ती खात्याला जोडूनच घेत नाहीत. ती जमिनीवरच्या खर्चासाठी ठेवा.

क्रेडिट कार्ड नसेल तर रोख अनामत हा चांगला मार्ग आहे. हात आखडता ठेवायचा असेल त्यांच्यासाठी तर उत्तमच. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर पैसे भरायचे, संपले की खातं बंद, पुन्हा भरले की सुरू. उरलेले पैसे शेवटी परत मिळतात. फक्त एक लक्षात ठेवा: खात्यावर रोज आपोआप चढणारी टिपही याच अनामतीतून जाते. ती धरली नाही, तर चौथ्या-पाचव्या दिवशी बारमध्ये कार्ड चालेनासं होतं.

कार्ड जोडताना दोन गोष्टी तपासा. पहिली, जहाजाचं चलन कोणतं. अमेरिकी कंपन्यांची जहाजं सहसा जगात कुठेही डॉलरमध्येच हिशोब ठेवतात. कोस्टा बहुतेक फेऱ्यांवर युरोत, ब्रिटनची पी अँड ओ पौंडात, तर एमएससीचं चलन जहाज कोणत्या भागात फिरतंय त्यावर ठरतं. दुसरी, बिल तुमच्या कार्डाच्या चलनात रूपांतरित करण्याची ‘सोय’. काही कंपन्यांत ही सोय आपोआप चालू असते आणि तिचा दर बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. बंद करायची असेल तर प्रवासाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच काउंटरवर सांगावं लागतं. शेवटच्या रात्री सांगून बहुधा उपयोग होत नाही. किनाऱ्यावरच्या दुकानात आणि एटीएमवरही मशीन हेच विचारतं: स्थानिक चलन की तुमचं? दरवेळी स्थानिक निवडा.

ओटीपीचा विचार घरीच करून ठेवा. समुद्रात मोबाइल जे नेटवर्क पकडतो ते जहाजाचं, उपग्रहावरून चालणारं असतं. नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा येत नाही आणि त्याचे दर डोळे पांढरे करणारे असतात. म्हणून जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि वाय-फाय तेवढं चालू ठेवायचं. पण मग एसएमएसने येणारा ओटीपी येत नाही. भर समुद्रातून पुढच्या बंदराची सहल ऑनलाइन बुक करायला गेलात की नेमकं इथे अडतं. सहली, वाय-फाय, जेवणाची खास आरक्षणं आणि ड्रिंक पॅकेज घरूनच भरून टाका. बऱ्याचदा ते आधी घेतलेलं स्वस्तही पडतं. जहाजाच्या खात्यावर सही करायला ओटीपी लागत नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून व्यवहार मंजूर करायची सोय असेल तर ती सुरू करा, आणि कार्डाचा परदेशी वापर चालू आहे ना, मर्यादा पुरेशी आहे ना, तेही बघा.

आता पैसे खरोखर कुठे जातात ते.

सगळ्यात मोठी ठरलेली रक्कम टिपची. सर्वसाधारण कंपन्यांत ती माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर पडते, स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या महागड्या केबिनमध्ये, थोडी जास्त. १८ डॉलर धरले तर दोघांचे ७ रात्रींचे २५२ डॉलर झाले. तिकिटात हे धरलेलं नसेल तर रोज आपोआप खात्यावर चढत जातं. लहान मुलांनाही बहुतेक ठिकाणी तोच दर लागतो. टिप आधीच भरून टाकली की शेवटच्या बिलाचा धक्का निम्मा ओसरतो. शिवाय दर वाढणार असल्याची घोषणा झाली, तर आधी भरणाऱ्यांना सहसा जुना दर मिळतो.

ही झाली केबिन आणि डायनिंगची टिप. बार, स्पा आणि खास रेस्टॉरंट यांच्या बिलात १८ ते २० टक्के वेगळे लागतात. १४ डॉलरचं कॉकटेल १८ टक्क्यांसह १६.५२ ला पडतं. वर स्लिपवर आणखी टिप लिहायची रिकामी ओळ असते. ती रिकामी सोडली तर काही बिघडत नाही, टिप आधीच कापलेली आहे. न वाचता सही करणारे तिथे दुसऱ्यांदा टिप देऊन मोकळे होतात. स्पामध्ये हे जास्त होतं, कारण तिथे माणूस अर्धवट झोपेतच बाहेर येतो.

ड्रिंक पॅकेजचं गणित भावनेवर सोडू नका. दिवसाला ७० डॉलरचं पॅकेज आणि १४ डॉलरचं पेय असेल, तर रोज पाच पेयांना बरोबरी होते. दोन्हींवर टक्केवारी सारखीच लागते, म्हणून हिशोब बदलत नाही. आता पॅकेज रोजचं आणि पूर्ण प्रवासाचं घ्यावं लागतं, बंदराचे दिवसही त्यात आले. त्या दिवशी तुम्ही सकाळी आठला उतरून संध्याकाळी पाचला परतणार. पाच पेयं कधी घेणार? शिवाय अनेक कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. एक पिणारा आणि एक न पिणारा असेल तर पॅकेज जवळपास कधीच परवडत नाही. ज्यांना फक्त कॉफी आणि थंड पेयं हवीत त्यांच्यासाठी बिनमद्याचं स्वस्त पॅकेज असतं, त्याची चौकशी करा.

बिलात काही अनोळखी ओळीही येतात. जहाज बंदरात किंवा त्या देशाच्या हद्दीत असताना घेतलेल्या पेयांवर आणि खरेदीवर कधी कधी तिथला कर लागतो, म्हणून कालचंच पेय आज थोडं महाग दिसतं. काही देश प्रवाशांवर बंदर शुल्कही लावतात. ग्रीसने जुलै २०२५ पासून ते सुरू केलं आणि सान्तोरिनी व मिकोनोसला ऐन हंगामात ते माणशी २० युरो आहे. या चुका नव्हेत, त्यासाठी काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही.

खऱ्या चुका वेगळ्या: पॅकेजमध्ये बसणाऱ्या पेयाचे पैसे लागणं, शेजारच्या केबिनचं बिल तुमच्यावर येणं, मिनीबारमधली बाटली फक्त सरकवली तरी विकली गेल्याची नोंद होणं, न घेतलेल्या फोटोचे पैसे. जहाजाच्या अ‍ॅपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर खातं रोज दिसतं, आणि अ‍ॅपसाठी सहसा इंटरनेट विकत घ्यावं लागत नाही. रोज झोपताना दोन मिनिटं बघा. चूक दुसऱ्याच दिवशी दाखवली तर स्लिप काढून लगेच दुरुस्त होते. शेवटच्या सकाळी तीच चूक दाखवायला लांबच लांब रांगेत उभं राहावं लागतं, आणि तेव्हा लोक १२ डॉलरसाठी भांडण्यापेक्षा सोडून देणं पसंत करतात. मुलांची कार्डं खात्याला जोडलेली असतील तर त्यांना मर्यादा घालून घ्या किंवा खरेदीच बंद करून टाका. व्हिडिओ गेम्सचा कोपरा हा मोठा खड्डा आहे.

ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला खात्यावर आधीच जमा केलेली रक्कम, मिळालं असेल तर ते परत मिळणारं आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी विचारा. परत न मिळणारं क्रेडिट प्रवास संपला की बुडतं. ते संपवायला शेवटच्या रात्री दुकानातून नको असलेलं घड्याळ घेण्यापेक्षा टिपची रक्कम त्यातून वळती होते का ते बघा, अनेक जहाजांवर होते. कॅसिनोतून खात्यावर रोख उचलण्याची सोय मात्र टाळा, तिथे साधारण ३ ते ५ टक्के शुल्क लागतं. जहाजावरचं एटीएमही महागच. त्याचं शुल्क, तुमच्या बँकेचं शुल्क, आणि क्रेडिट कार्ड वापरलं तर पहिल्या दिवसापासून व्याज.

जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो. तपासणी, औषधं, सलाईन सगळं खात्यावर चढतं, आणि आकडे चटकन शेकड्यांत जातात. विमा कंपनी ते नंतर भरून देते, जहाजाला थेट देत नाही. म्हणून कार्डावर तेवढी मर्यादा मोकळी हवी, आणि वैद्यकीय अहवाल व तपशीलवार बिल उतरण्याआधीच हातात घ्यायला हवं.

रोख लागते ती किनाऱ्यावर. टॅक्सी, फेरीवाले, समुद्रकाठच्या खुर्च्या, गाइडची टिप, आणि युरोपात सार्वजनिक स्वच्छतागृहं. तिथे एकेका नाण्यासाठी अडून बसावं लागतं, तेव्हा ५० सेंट आणि १ युरोची नाणी वेगळी काढून ठेवा. कॅरिबियनमध्ये अमेरिकी डॉलर बहुतेक ठिकाणी चालतात, पण सुटे परत मिळतात ते स्थानिक चलनात आणि दुकानदाराच्या दराने. म्हणून १ आणि ५ च्या नोटा भरपूर न्या, १०० ची नको. फाटलेल्या, लिहिलेल्या नोटा बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. एका बंदराला दोघांसाठी ४० ते ६० डॉलर सुट्ट्या नोटांत पुरतात, सहल आधीच भरलेली असेल तर त्याहून कमी.

‘डॉलर’ लिहिलंय म्हणून अमेरिकीच समजू नका. बहामाचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीचा आहे, पण बार्बाडोसचे आणि बेलीझचे दोन मिळून एक अमेरिकी डॉलर होतो. पूर्व कॅरिबियन डॉलर २.७० ला एक. केमन बेटांवर उलटं, तिथला डॉलर अमेरिकीपेक्षा महाग आहे, म्हणजे पाटीवर २० लिहिलेलं जेवण तुम्हाला साधारण २५ ला पडतं. टॅक्सीत बसण्याआधीच विचारायचं: कोणता डॉलर, आणि भाडं माणशी की गाडीचं? उत्तर युरोपच्या फेरीत याच्या बरोबर उलट परिस्थिती. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क प्रत्येकाचं चलन वेगळं, पण कॉफीपासून बसपर्यंत सगळं कार्डावर होतं. तिथे प्रत्येक देशात नोटा काढत बसलात, तर उरलेली चिल्लर घरी आणण्याखेरीज काही हाती लागत नाही. क्रोएशियात २०२३ पासून युरो आहे, जुन्या कुना कोणाकडून घेऊ नका.

एटीएम वापरायचंच असेल तर बँकेच्या भिंतीतलं, आणि बँक उघडी असताना. कार्ड अडकलं तर आत जाऊन मागता येतं. जहाज संध्याकाळी सुटणार असतं, उद्या येतो म्हणायची सोय तुम्हाला नसते.

उतरताना दिवसाची रोख, एक कार्ड आणि जहाजाचं कार्ड एवढंच बरोबर घ्या. दुसरं कार्ड आणि बाकी पैसे केबिनच्या तिजोरीत. दोघं असाल तर वेगवेगळ्या बँकांची कार्डं वेगवेगळ्या खिशांत. जहाजाचं कार्ड हरवलं तर लगेच काउंटरवर सांगा, कारण ते रद्द होईपर्यंत ज्याच्या हाती असेल तो बारमध्ये वापरून बघू शकतो.

उतरण्याआधी पूर्ण बिलाची प्रत ईमेलवर मागवा किंवा अ‍ॅपमधून उतरवून घ्या, प्रवास संपल्यावर अ‍ॅपमधून ते नाहीसं होऊ शकतं. मग कार्डाचं पुढचं स्टेटमेंट आलं की रकमा जुळवा. मिनीबारची किंवा उशिरा चढवलेली एखादी रक्कम घरी पोचल्यावरही येते, आणि ती बरोबर आहे की नाही ते ठरवायला तीच प्रत लागते.