बिल्ल्यावरची तीच दोन अक्षरं

न्यूयॉर्क राज्यात नर्स म्हणून कामाला लागल्यापासून घरून फोनवर एक प्रश्न हमखास येतो: तिकडे म्हणे दोन वर्षांच्या कोर्सवरही नर्स होता येतं, मग तुझ्या चार वर्षांच्या डिग्रीचा उपयोग काय?

होता येतं, हे खरं. असोसिएट डिग्री साधारण दोन वर्षांची, बी.एस.एन., म्हणजे नर्सिंगची बॅचलर पदवी, चार वर्षांची. पण परवान्याची परीक्षा दोघींना एकच, एनक्लेक्स, आणि बिल्ल्यावरची अक्षरंही तीच: आर.एन., म्हणजे रजिस्टर्ड नर्स.

माझ्या सर्जिकल वॉर्डात असोसिएट डिग्री केलेल्या एक ज्येष्ठ सहकारी आहेत. एका रात्री माझ्या पेशंटचं बीपी ठीक होतं, ऑक्सिजन 97, म्हणून मी निर्धास्त होते. त्या सलाइन बदलायला मदतीला आल्या आणि त्याच्या छातीकडे बघतच राहिल्या. मग घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. 28. मी 18 लिहिले होते, तेही नुसत्या नजरेच्या अंदाजाने. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. नळीतून ऑक्सिजन चालू असला की मॉनिटरवरचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो, बिघाड आधी श्वासाच्या गतीत कळतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पेशंट अचानक बिघडला की धावून येणारी रॅपिड रिस्पॉन्स टीम त्यांनी बोलावली. सेप्सिस होता, म्हणजे संसर्गामुळे शरीरभर होणारा जीवघेणा बिघाड; अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं.

तरी डिग्री फुकट गेली, असं मी म्हणणार नाही. नर्सिंग संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतल्या 300 रुग्णालयांचा अभ्यास मांडला. पदवीधर नर्सेसचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त, तिथे शस्त्रक्रियेच्या पेशंटची दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी कमी आढळली. पण त्याच अभ्यासात एका नर्सवर एक पेशंट वाढला, की ती शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसते. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, याचा मला राग येतो. शिवाय हे आकडे रुग्णालयांचे आहेत. त्यांवरून मी बरी की त्या, हे ठरत नाही.

न्यूयॉर्कने 2017 मध्ये कायदा केला: नव्या आर.एन.ने 10 वर्षांत नर्सिंगची बॅचलर पदवी घ्यायची. आधीपासून परवाना असलेल्यांना सूट आहे, म्हणजे माझ्या वॉर्डातल्या या ज्येष्ठ बाईंनाही. तरी त्यांनी यंदा ऑनलाइन बी.एस.एन.ला प्रवेश घेतलाय. "सेप्सिसमध्ये रक्तातलं लॅक्टेट का वाढतं, हे इतक्या वर्षांत मला कुणी नीट सांगितलंच नाही," म्हणाल्या. रात्री तीनच्या ब्रेकमध्ये मी कागदावर आकृत्या काढून समजावते. ब्रेक संपवून मी पेशंटकडे निघाले, की त्या मागून विचारतात, "पूर्ण मिनिट मोजणार ना?"