तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"पाळकीणबाई, तुम्हाला सेवेत खरंच आनंद मिळतो का हो?" पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको ना मी! महिला मंडळानंतर चहा घेताना विचारतात, लग्नात पंगतीला विचारतात, परवा तर मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या घेताना एकीने विचारलं. नातेवाइकांना उत्तर "नाही" हवं असतं, म्हणजे शाळेतली नोकरी सोडलीस ते चुकलंच म्हणायला मोकळे. मंडळीतल्यांना, म्हणजे चर्चमधल्यांना, "हो" हवं असतं, तेही हसऱ्या चेहऱ्याने. मी आजवर ज्याला जे हवं ते दिलं, आता त्याचाच कंटाळा आलाय.

आधी थोडं भांडून घेते. मला पंडिता रमाबाईंचं उदाहरण देऊ नका. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि मधल्या काळातही बायबलच्या भाषांतराचं काम चालूच. आपण हे भाषणात "बघा, तरी किती आनंदाने सेवा केली" म्हणून सांगतो. आनंदाने? केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये त्या महिन्यांत त्या बाईच्या मनात काय चाललं होतं ते तुम्हाला मला काय माहीत? आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं म्हणाल तर त्यांनी १९१७ ला मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला, फार मोठी गोष्ट, मान्य, पण पगार सुटल्यावर डब्यातलं पीठ कोणाला मोजायचं होतं ते त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना विचारा.

असो. आता ते ईस्टरचं, त्या दिवशी उपासनेत माझी पेटी मध्येच का थांबली ते. इतकी वर्षं "पेटी बिघडली होती" असंच सांगत आलेय.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. उपवासकाळाचे चाळीस दिवस रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, झावळ्यांचा रविवार, गुरुवारचं प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी), उत्तम शुक्रवारी बारा ते तीन येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, शनिवारी रात्री संडे स्कूलच्या पोरांसाठी बुंदीची पाकिटं. धाकटीला ताप, तिला शेजारी ठेवलेलं. रविवारी पहाटेची उपासना झाली आणि नऊच्या उपासनेला मी फुलं लावून दारात उभी, तर कमिटीतले एकजण आत येता येता म्हणाले, "बाई, यंदा निशिगंध कमी वाटतोय." बास, एवढंच. वाईट माणूस नाही तो, सहजच बोलला.

मी पेटीवर बसले. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात आनंद, आनंद असं येतं, आणि तिथे माझा भात्यावरचा हात थांबला. रडू वगैरे काही आलं नाही, नुसता हात थांबला, जणू माझा नव्हेच. आणि मंडळी गातच राहिली! तबला चालू, टाळ्या चालू, पेटीवाचून कुणाचं काही अडलं नाही. खरं सांगू का, सगळ्यात जास्त लागलं ते हेच. मी उठले आणि बाजूच्या दाराने मागे गेले, जिथे मोठी पातेली ठेवतात तिथे.

तिथे झाडलोट करणाऱ्या मावशी पहाटेच्या प्रभुभोजनाचे कप धूत बसलेल्या, ते काचेचे इवलेसे, शंभरावर तरी असतील. मला वाटलं आता विचारणार काय झालं, प्रार्थना करू का. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, खांद्यावरचं फडकं काढून दिलं, म्हणाल्या "पुसा." मग शेळीचं सांगायला लागल्या. रात्री व्याली, दोन करडं, त्यातलं एक सरळ घरात शिरून त्यांच्या नवऱ्याच्या अंथरुणात झोपलं आणि त्या म्हाताऱ्याला वाटलं मांजर आहे. मी इतकी हसले की पोटात दुखलं. आत पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या ह्यांचाच, उपदेश चालू, "येशू उठला आहे", आणि मी मागे शेळीवर हसतेय. एकेक कप उजेडात धरून पुसत होते. तेव्हा मला आनंद झाला, नक्की झाला, आणि लगेच लाजही वाटली.

हे म्हणतात कप पुसणं ही पण सेवाच. मला वाटतं मी पळून आले होते. यावर आमचं अजून एकमत नाही.

तेविसाव्या वर्षी तरुण संघाच्या शिबिरात मी साक्ष दिली होती, "सेवेत मी कधीच थकत नाही." त्या पोरीला मला सांगायचंय, बाई गं, तू थकत नव्हतीस कारण डबा आई करत होती. पण ती पण गप्प बसणारी नाही. ती म्हणेल, मी गाताना रडायचे, तू शेवटची कधी रडलीस? याला माझ्याकडे उत्तर नाही.

"प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे प्रेषित पौलाने तुरुंगातून लिहिलं, माहितीये मला, त्यावर बोललेय मी मीटिंगमध्ये. (पौलाला बुंदीची पाकिटं भरायची नव्हती, हे आपलं मनातल्या मनात.) मला हल्ली जुन्या करारातला संदेष्टा एलीया जवळचा वाटतो. रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता, तर देवदूताने उपदेश केला नाही, निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं. खाऊन तो परत झोपला तरी रागावला नाही, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. पण मंडळीत झुडपाखाली पडलेली पाळकीण कुणाला चालते?

तर आनंद मिळतो का? मिळतो. कधी, ते माझ्या हातात नाही, आणि ज्या दिवशी मिळायलाच हवा त्या दिवशी बहुतेक मिळत नाही.

मावशींना आता नीट दिसत नाही, मुलाकडे असतात. करोनानंतर प्रभुभोजनाला प्लॅस्टिकचे कप आले, वापरले की टाकले. मागच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं काचेचे परत काढू या, कपाटात पडून आहेत. खजिनदार म्हणाले, "काढू की बाई, पण धुणार कोण?"