परत आलेल्याला मंडळीत घेताना: माझा अनुभव

ख्रिस्ती विश्वासापासून दुरावलेला माणूस मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, परततो तेव्हा त्यानं काय बोलायचं ते बहुधा पाठ केलेलं असतं. बायबलमधल्या लूक 15 मधल्या, घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलानंही केलं होतं. 19 व्या वचनात तो ठरवतो, मला मोलकऱ्यासारखं ठेवा असं म्हणेन. 21 व्या वचनात बाप समोर आल्यावर ते वाक्य येतच नाही. बाप मधेच चाकरांना झगा आणायला सांगतो. परतणाऱ्यांना भेटण्याच्या कामात मी हीच रीत धरली: माफीचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायचं नाही.

पहिल्या भेटीला दोघांनी जावं, अर्धा तास पुरे. 'इतकी वर्षं कुठे होता?' हे विचारू नये. 'तुमच्यासाठी काय प्रार्थना करू?' हे विचारावं.

आमची सर्वांत मोठी चूक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते. पहिल्या रविवारी सगळे गळाभेट घेतात आणि नंतर कोणी फोनही करत नाही. म्हणून आता दोन नावं आधीच ठरतात: एक जण उपासनेत शेजारी बसतो, दुसरा सहा आठवडे दर आठवड्याला फोन करतो. दुसरी चूक म्हणजे लगेच व्यासपीठावर साक्ष द्यायला, म्हणजे आपली कहाणी सांगायला लावणं. त्यामुळे तो कायमचा 'भटकलेला' ठरतो, आणि पाय पुन्हा घसरला तर लाजेनं तोंड दाखवत नाही. सहा महिने तरी मी हा विषय काढत नाही.

'पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का?' हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. पाण्यानं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथोलिक आणि बहुतेक जुन्या मंडळ्या पुन्हा देत नाहीत. बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या मंडळीत उत्तर वेगळं मिळेल. कॅथोलिकांसाठी वाट पापनिवेदनातून, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्यातून, जाते. चर्चबाहेर लग्न झालं असेल तर फादरांना आधीच भेटावं. ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे उपासनेतल्या पवित्र भाकरीच्या, रांगेत उभं राहिल्यावर तो घेता येईल का हा प्रश्न उठला तर फार बोचतो.

परतणाऱ्याला घ्यायचं की नाही, हा वाद जुना आहे. इ.स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसच्या फर्मानानं अनेक ख्रिस्ती लोकांनी देवतांना बळी दिले, काहींनी बळी दिल्याचे नुसते दाखले मिळवले. त्यांना परत घ्यायचंच नाही, असं रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला. कार्थेजचा बिशप सिप्रियन प्रायश्चित्तानंतर घेण्याच्या बाजूनं राहिला. 325 च्या नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेनं जबरदस्ती नसताना विश्वास सोडलेल्यांना 12 वर्षांचं प्रायश्चित्त ठरवलं, पण मरणाऱ्याला अखेरचा ख्रिस्तप्रसाद नाकारू नये असंही सांगितलं. कडक नियमातही दार उघडं ठेवलं होतं, हे मला मोलाचं वाटतं.

गलतीकरांस 6:1 मध्ये 'ताळ्यावर आणा' यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तोच मार्क 1:19 मध्ये जाळी नीट करण्यासाठी येतो. जाळं ओढून नीट होत नाही, गाठ गाठ सोडवावी लागते.

दया आणि जबाबदारी मात्र वेगळी ठेवावी. पैशांचा अपहार किंवा मारहाण करून गेलेल्याला उपासनेत जागा द्यावी, तिजोरीची किल्ली नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला आधी एकांतात सांगावं, सर्वांसमोर हात मिळवायला लावू नये. आणि मंडळीनंच कोणाला दुखावून घालवलं असेल, तर पहिली माफी पाळकांनी मागावी, त्याच्या घरी जाऊन, 'पण' न म्हणता.