मेसेज केलात ना, मग पोचही द्या

परवा रात्री झोपायच्या आधी सहज लिंक्डइन उघडलं तर एका मुलाचा मेसेज. "ताई, तुम्ही फेब्रुवारीत सांगितलेलं ना की रेझ्युमेत नुसतं प्रोजेक्टचं नाव नको, त्यात तू स्वतः काय केलंस ते लिही, तसं केलं. सोमवारी जॉइन होतोय, नाशिकलाच." बास, एवढंच. मी या मुलाला कधी भेटलेले नाही, फेब्रुवारीत नेमकं काय बोलणं झालेलं तेही वर स्क्रोल करून बघावं लागलं, पण खरं सांगते, इतकं बरं वाटलं की नवऱ्याला उठवून दाखवला मेसेज.

मग उगाच बसून मोजलं. गेल्या वर्षभरात अनोळखी अशा 40 एक मुलामुलींशी तरी बोलले असेन, कुणाला रेझ्युमे बघून दिला, कुणाला रेफर केलं, म्हणजे आमच्या कंपनीत त्याचं नाव सुचवलं, कुणाशी रविवारी अर्धा तास फोनवर बोलले. त्यातले परत येऊन काय झालं ते सांगणारे चार. नोकरी लागली का, इंटरव्ह्यू कसा गेला, का तो नादच सोडला, बाकीच्यांचं काहीच माहीत नाही.

आमच्या आजोबांकडे पत्र आलं की उत्तराची पहिली ओळ ठरलेली असायची, आपलं पत्र पोचलं. मजकूर नंतर, आधी पोच. आणि आपल्याकडे एखाद्याला वागायचं भान नसेल तर आपण काय म्हणतो, "त्याला काही पोचच नाही". एकच शब्द दोन्हीला. मला तर वाटतं ऑनलाइन ओळखी करण्यातला अर्ध्याहून जास्त शहाणपणा त्या एका शब्दातच आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, 12 वर्षं झाली, त्यामुळे मेसेज भरपूर येतात, सांगली, नांदेड, जळगाव, कुठून कुठून. बरेचसे असे येतात की सकाळी "हाय मॅम", दुपारी "हॅलो", संध्याकाळी नुसती दोन प्रश्नचिन्हं. मला या मुलांचा राग येत नाही, कारण त्यांना वाटतं आधी नमस्कार, मग समोरच्यानं "बोला" म्हणायचं, मग कामाचं, आणि समोरासमोर ती पद्धत बरोबरच आहे. पण चॅटवर काय होतं, मी मीटिंगमधून बाहेर आल्यावर "हाय" दिसतं, मी "बोला" म्हणते, तोवर तो मुलगा ऑफलाइन, मग तो रात्री उत्तर देतो तेव्हा मी स्वयंपाकघरात, आणि असे तीन दिवस जातात आणि जिच्यासाठी लिहिलेलं ती जागाच बंद होते. तर नमस्कार, आपण कोण, काय हवंय, हे सगळं एकाच मेसेजमध्ये लिहा. समोरच्याला दोन मिनिटांत हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे, एवढंच बघायचं.

रेफरलचं जरा नीट सांगते, कारण इथे मुलांचं खरंच नुकसान होतं. "मॅम प्लीज रेफर मी" आणि खाली पीडीएफ, यावर मी काहीही करू शकत नाही. आमच्याकडे रेफर करायचं म्हणजे एक फॉर्म भरावा लागतो, त्यात जॉब आयडी, म्हणजे त्या जागेचा नंबर लागतो, नाव, ईमेल, फोन, नोटीस पिरियड किती, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस थांबावं लागतं (आयटीत 90 दिवस म्हणजे नेहमीचंच), आणि शेवटी एक रकाना असतो की या उमेदवाराला तुम्ही कसे ओळखता. तिथे मी काय लिहू? म्हणून जॉब आयडी तुम्हीच शोधून पाठवा, कंपनीच्या साइटवर असतो तो, आणि तुम्ही त्या कामाला का योग्य आहात हे तीन ओळींत लिहा, मी त्याच ओळी त्या रकान्यात टाकते. अजून एक, बऱ्याच कंपन्यांत तुम्ही आधीच साइटवरून अर्ज केलेला असेल तर नंतरचं रेफरल सिस्टीम घेतच नाही, डुप्लिकेट म्हणून बाद करते. त्यामुळे ओळखीचं कुणी असेल तर आधी विचारा, दोन दिवस थांबा, उत्तर नाही आलं तर सरळ अर्ज करून टाका.

लिंक्डइनवर कनेक्शनची, म्हणजे ओळख जोडायची रिक्वेस्ट पाठवताना सोबत छोटी नोट लिहा, असं सगळेच सांगतात, पण आता फुकटच्या अकाउंटवर महिन्याला मोजक्याच नोट जोडता येतात आणि जागाही दोन वाक्यांचीच, तेव्हा त्या उधळू नका, ज्यांच्याशी खरंच बोलायचंय त्यांच्यासाठी ठेवा. आणि घाईत पाठवलेली रिक्वेस्ट मागे घेतली तर त्याच माणसाला तीन आठवडे परत पाठवता येत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मुलींच्या इनबॉक्सबद्दल एकच. फोटोवर कॉमेंट करू नका, "छान दिसता" कौतुक म्हणूनही नको, नंबर मागू नका. तिथे आम्ही कामाला आलेलो असतो.

आता मी हे इतकं पोटतिडकीनं का लिहितेय, तर जानेवारी 2023 मध्ये माझी स्वतःची नोकरी गेली. कंपनीचं नाव घेत नाही, गरज नाही. सकाळी साडेदहाला कॉल, अकराला लॅपटॉप लॉक. पहिले दोन दिवस मी कुणाला सांगितलंच नाही, लाज वाटत होती, कसली ते आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी बसले आणि 11 जणांना लिहिलं. प्रत्येकाला वेगळं, कॉपी पेस्ट नाही, आपण कुठे एकत्र होतो, मी आता काय शोधतेय, आणि तुमच्याकडे काही नसेल तरी बिनधास्त नाही म्हणा.

मला वाटलेलं जवळच्या मैत्रिणींकडून काहीतरी होईल. झालं भलतंच. जिच्यासोबत 2014 मध्ये हिंजवडीत जेमतेम आठ महिने काम केलेलं, नंतर वर्षातून एकदा दिवाळीच्या शुभेच्छा एवढाच संबंध, तिच्याकडून काम झालं. माझ्या जवळच्या मैत्रिणी सगळ्या माझ्याच कंपनीत किंवा तसल्याच कंपन्यांत, त्यांना कळणार ते मलाही कळणारच होतं, ती मात्र बँकिंगच्या बाजूला गेलेली, तिथल्या जागा माझ्या कानावर येण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर वाचलं की मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्येच हे मांडलंय, बॉस्टनजवळच्या एका गावात ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना विचारलं तर शंभरातल्या 17 एक जणांनाच नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळलेलं, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. आणि 2022 मध्ये लिंक्डइनच्याच 2 कोटी लोकांवरचा 5 वर्षांचा अभ्यास आला, त्यातही तेच, फक्त थोडी सुधारणा, अगदीच नावापुरती ओळख फारशी कामाला येत नाही, मधलीअधली सगळ्यात जास्त येते. म्हणजे हजारो कनेक्शन जमवून काही होत नाही, आणि फक्त घट्ट मैत्रिणींवरही भागत नाही. ही मधली ओळख टिकवायला फार काही लागत नाही. कुणी प्रमोशनची पोस्ट टाकली तर तो तयार "काँग्रॅट्स"चा चौकोन दाबण्यापेक्षा एक वाक्य स्वतःचं लिहा, "त्या रिलीजच्या रात्री तू थांबलेलास ते अजून आठवतं", असं काहीतरी जे फक्त तुम्हीच लिहू शकता.

आणि कुणाची नोकरी गेल्याचं कळलं तर त्या पोस्टखाली "स्टे स्ट्राँग" लिहून पुढे जाऊ नका हो. एक मेसेज करा, कळलं, वाईट वाटलं, तुझा रेझ्युमे पाठव, मी दोन ठिकाणी विचारते. आणि म्हणालात तर खरंच विचारा. मला त्या दिवसांत "काही लागलं तर सांग" म्हणणारे बरेच होते, त्यांना काय सांगायचं तेच सुचायचं नाही. एका जुन्या मॅनेजरनं मात्र "गुरुवारी चार वाजता 20 मिनिटं मॉक इंटरव्ह्यू घेतो, चालेल?" असं विचारलं, आणि ठरल्या वेळेला तो कॉलवर होता.

मार्चच्या शेवटी ऑफर आली. त्या संध्याकाळी मी त्या 11 ही जणांना परत लिहिलं, कुठे लागले, कधी जॉइन होतेय, आणि तुम्ही वेळ दिलात त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी नाही म्हटलेलं त्यांनाही, ज्यांनी उत्तरच दिलेलं नव्हतं त्या दोघांनाही. त्या दोघांपैकी एकाचं पाच मिनिटांत उत्तर आलं. "बरं झालं कळवलंस. माझ्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून तेव्हा काय लिहू कळेना, पण तुझं काय झालं असेल हे सारखं डोक्यात होतं."