३८० किलोमीटर, दोन थांबे: इलेक्ट्रिक गाडीचा पहिला लांबचा पल्ला

गाडी ४० युनिट वापरता येतील एवढ्या बॅटरीची, फास्ट चार्जिंग जास्तीत जास्त ५० किलोवॅटने घेणारी. रस्ता ३८० किलोमीटर, वाटेत ६०० मीटर चढाचा एक घाट. चार माणसं, सामान, एसी चालू. एकूण खर्च ६० युनिटच्या आसपास.

निघताना डॅशबोर्डवर दिसणाऱ्या किलोमीटरांवर हिशेब बांधू नये. तो आकडा आधीच्या ड्रायव्हिंगवरून काढलेला असतो. आठवडाभर शहरात रेंगाळलेली गाडी महामार्गाला लागली की तो झरझर उतरतो आणि नव्या मालकाच्या पोटात गोळा येतो. शंभर किलोमीटरला किती युनिट जातात ते पाहावं. इथे ८०-८५ च्या वेगाला १५ युनिट पडली. शंभरच्या वेगाला हीच गाडी १८ च्या पुढे जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेलात की दीडपटीहून जास्त.

पहिला टप्पा २०० किलोमीटर, १०० टक्क्यांवरून २५ वर. आणखी खाली नेता आली असती, पण २५ टक्के म्हणजे १० युनिट, म्हणजे ६५ किलोमीटर. चार्जर बंद निघाला किंवा रांग असली तर पुढचा गाठायची सोय तेवढ्यात होते. थांबा ठरवताना त्याच्या पुढचा चार्जरही शोधून ठेवावा आणि शक्यतो दोन-तीन गन (चार्जरच्या केबलच्या टोकाचे प्लग) असलेली जागा निवडावी.

चार्जरवर बहुतेक गडबड मशीनपेक्षा क्रमात होते. गाडी पार्कमध्ये टाकून बंद करा, गन खटका बसेपर्यंत आत दाबा आणि मगच अ‍ॅपमधून सुरू करा. जड केबलच्या ओढीने गन किंचित लटकली तरी संपर्क तुटतो. सुरुवातीचं अर्धं मिनिट ती हाताने उचलून धरली की बऱ्याचदा काम होतं. तरी चूक दाखवली तर गन काढून, गाडी लॉक-अनलॉक करून पुन्हा लावा. अ‍ॅप घरूनच उतरवून, त्यात पैसे भरून ठेवा. चार्जरपाशी नेटवर्क असेलच असं नाही. आणि पाटीवर ६० किलोवॅट लिहिलं तरी शेजारी दुसरी गाडी लागली की काही मशीन ते ३०-३० वाटून देतात.

२५ वरून ८० टक्क्यांना चाळीस मिनिटं. तिथेच गन काढली. ८० नंतर सेल जपण्यासाठी गाडी स्वतःच वेग उतरवते, शेवटच्या २० टक्क्यांना जवळजवळ तेवढाच वेळ जाऊ शकतो. त्यापेक्षा पुढे पंधरा मिनिटांचा दुसरा थांबा स्वस्त पडतो.

घाटाने नेहमीच्या खर्चावर आणखी ३ युनिट खाल्ली. भरलेली गाडी ६०० मीटर वर उचलायला एवढी लागतातच. उतरताना रिजनमुळे, म्हणजे गाडी हळू होताना मोटरने परत वीज तयार केल्यामुळे, त्यातला बराच भाग परत मिळतो, मात्र बॅटरीत जागा हवी. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ९० टक्क्यांवर थांबा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत रिजन जवळजवळ चालत नाही, आणि एरवी एक्सिलरेटर सोडला की हळू होणारी गाडी उतारावर अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते.

दुसऱ्या थांब्यावर २७ वरून ५२, मुक्कामी पोचताना ३० टक्के. तिथे १६ अँपिअरचं सॉकेट होतं. रात्रभरात, साधारण दहा तासांत, गाडी भरते. अर्थिंग नीट नसेल तर मात्र चार्जर लाल दिवा दाखवून बसून राहतो. मुक्काम ठरवतानाच अर्थिंगचं विचारून घ्या, आणि साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका. इतके तास सलग ओढ असली की बोर्ड वितळतो.

गाडी अजून घ्यायची असेल तर शोरूममध्ये रेंजपेक्षा तीन गोष्टी विचारा: बॅटरीची वापरता येणारी युनिटं किती, १० ते ८० टक्के किती मिनिटांत, आणि गाडीतला एसी चार्जर (घरच्या विजेवर बॅटरी भरणारा) ३.३ चा, ७.२ चा की ११ किलोवॅटचा. बॅटरीच्या सेलचा प्रकारही विचारा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर कंपनी सहसा अधूनमधून १०० टक्के भरायला सांगते, कारण नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकू लागतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोजच्याला ८० पुरे.

डिकी उघडून स्टेपनी आहे का पाहा; अनेक गाड्यांत फक्त पंक्चर किट असतं. १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही आणि रिमोटने दारही उघडत नाही, म्हणून रिमोटमधली लोखंडी चावी कुठे घालायची ते आधीच शोधून ठेवा. गाडी अडलीच तर दोरीने ओढू देऊ नका. मोटरला जोडलेली चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. चारही चाकं उचलून नेणारा ट्रकच मागवा.