जावा सुरू झाली, कागद हलेनात

जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणायचा विचार असेल, तर तिच्या इंजिनाला पाना लावण्याआधी तिचे आरसी बुक उघडून बघावे, असे मी आता भेटेल त्याला सांगतो. सांगताना माझा आवाज चढतो हे मला ठाऊक आहे, पण क्रँक, बोअर, क्रोम आणि रंग या सगळ्यांना मिळून जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ एका सरकारी कार्यालयातल्या एका खिडकीपाशी गेला, आणि तो राग अजून पुरता निवळलेला नाही.

गाडी 1972 सालची जावा 250, माझ्या वडिलांची. ते पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी होते आणि दुष्काळाच्या त्या वर्षी त्यांनी खात्याकडून अग्रिम उचलून ही गाडी घेतली, कारण दुष्काळी कामांची पाहणी करायला सायकल आणि एसटी पुरी पडेना. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेक कंपनीच्या परवान्याने 1961 पासून या गाड्या बनू लागल्या, पुढे त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि 1996 साली कारखाना बंद झाला. आमच्या तालुक्यात त्या काळी गाडीवरून माणसाचा व्यवसाय ओळखता येई. दुधाचे कॅन अडकवलेली राजदूत दूधवाल्याची, बुलेट फौजदाराची किंवा बागायतदाराची, आणि जावा बहुधा मास्तरांची नाहीतर फिरतीवरच्या सरकारी नोकराची. एकच सिलिंडर असूनही दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर आणि गिअरच्याच दांड्याने मारायची किक, या दोन गोष्टींमुळे आम्हा मुलांच्या लेखी तिचा रुबाब बुलेटपेक्षा कमी नव्हता. वडील निवृत्त झाल्यावर ती गोठ्याशेजारच्या खोलीत उभी राहिली, ते गेल्यानंतरही तिथेच राहिली, आणि माझ्या निवृत्तीनंतर मी ती बाहेर काढली.

यंत्राचे काम सुरळीत झाले, त्यामुळे त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक उघडून नवा कनेक्टिंग रॉड आणि बिग एंड बेअरिंग बसवले, सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले. किरकोळ भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळाले, आणि टाकीच्या कडेचे गुडघ्याला टेकणारे रबरी पॅड जुन्या बाजारात एका रविवारी अचानक हाती लागले. क्रोमचे काम करणाऱ्याने आधी तांबे, मग निकेल, मग क्रोम असे तिन्ही थर दिले. हे आवर्जून सांगतो, कारण तांब्याचा थर वगळून स्वस्तात चकाकी देणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचे काम एका पावसाळ्यात फुगून येते. दोन स्ट्रोकचे इंजिन वर्षानुवर्षे उभे राहिले असेल, तर क्रँकची ऑइल सील न बदलता ते सुरू करण्याचा हट्ट करू नये. वाळलेल्या सीलमधून एका बाजूने हवा आत येते, दुसऱ्या बाजूने गिअर ऑइल ओढले जाते, आणि मग कार्ब्युरेटर कितीही जुळवला तरी गाडी एकतर धूर ओकते, नाहीतर नुसतीच तापते.

गाडी सुरू झाली, अंगणात चार फेऱ्या झाल्या, आणि मी आरसी बुक घेऊन परिवहन कार्यालयात गेलो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. तिथली बहुतेक माणसे सभ्यपणे बोलली. अडवणूक होती ती त्यांनी पाळलेल्या क्रमाची.

मला दोन कामे करायची होती. मालक मृत झाल्यामुळे गाडी माझ्या नावावर करणे, म्हणजे नमुना 31, आणि संपलेल्या नोंदणीचे नूतनीकरण, म्हणजे नमुना 25. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांपुरती, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, अशी पद्धत पडली. वडिलांनी एकदा नूतनीकरण करून घेतल्याचा शिक्का पुस्तकात होता, त्यापुढे काही नव्हते. उशिराबद्दल मोटारसायकलला दर महिन्याला 300 रुपये आकारण्याची तरतूद नियमात आहे आणि पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला तेव्हा पाच वर्षांसाठी 2000 रुपये पर्यावरण कर होता, हे मी आधीच वाचून गेलो होतो आणि ते भरायची माझी तयारी होती. पैसे भरायला तयार असलेल्या माणसाला पैसे भरू न देणारी व्यवस्था मी प्रथमच पाहिली.

खिडकीवरच्या तरुणाने संगणकात क्रमांक घातला आणि म्हणाला, "काका, ही गाडी सिस्टीमला नाहीच."

ती असणार कशी? तिचा क्रमांक एमएच या अक्षरांनी सुरू होणारी पद्धत येण्याआधीचा, तीन अक्षरे आणि चार आकड्यांचा. संगणकीकरण झाले तेव्हा ती गोठ्याशेजारी उभी होती. अशा गाडीची नोंद जुन्या रजिस्टरवरून 'वाहन' प्रणालीत नव्याने चढवावी लागते, त्याला तिथे बॅकलॉग म्हणतात, आणि या वाटेने बनावट गाड्याही घुसवल्या जात असल्याने त्याला वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. इथपर्यंत मला सगळे मान्य होते. पण बॅकलॉगच्या अर्जासोबत चालू विमा आणि पीयूसी जोडलेच पाहिजे, असे खिडकीचे म्हणणे होते. पीयूसी केंद्रावर गेलो, तर त्यांचे यंत्र त्याच 'वाहन' प्रणालीला जोडलेले. तिथे क्रमांक नसेल तर प्रमाणपत्र निघत नाही. विमा कंपनीत गेलो, तर त्यांना वैध नोंदणी हवी. नोंदणीसाठी परत खिडकीवर आलो, तर खिडकीला पीयूसी हवे. मी हे तिन्ही ठिकाणी, प्रत्येक वेळी शांतपणे, समजावून सांगितले. प्रत्येकाने मान हलवून ते पटल्याचे दाखवले आणि मला पुढच्या ठिकाणी पाठवले.

याच काळात फाटकाबाहेरच्या एका एजंटाने मला चहाला बोलावून सगळे काम करून देण्याचा आकडा सांगितला. त्या आकड्यात तेव्हा चालू स्थितीतली दुसरी जावा आली असती. त्या चहानंतर माझा हट्ट पक्का झाला.

दुसरा गुंता रजिस्टरचा होता. 1981 आणि 1982 साली राज्यात काही नवे जिल्हे झाले, त्यांतलाच आमचा एक. 1972 ची नोंद अर्थातच मूळ जिल्ह्याच्या कार्यालयात होती आणि तिचा बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे रजिस्टरमधल्या पानाचा अधिकृत उतारा, तिथूनच मिळणार होता. तिथल्या अभिलेख कक्षात मला 'शोध घेऊन कळवू' असे सांगण्यात आले. कोणी कळवले नाही. शेवटी मी वडिलांच्या ट्रंकेतून कराच्या जुन्या पावत्या काढल्या. त्या काळी दुचाकीचा कर ठरावीक मुदतीने भरावा लागे आणि वडिलांनी एकही पावती टाकली नव्हती. पावत्यांवरच्या तारखांवरून नोंदणीचा महिना नक्की झाला, शोधायच्या रजिस्टरांची संख्या एकदम कमी झाली, आणि तिथल्या शिपाईमामांनी ते पान माझ्यासमोर काढून दिले. शाई फिकी पडली होती, पण चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि वडिलांचे नाव लख्ख वाचता येत होते. तेव्हा जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी मालकाकडे आरसी बुकाबरोबर कराच्या पावत्याही मागाव्यात. माणसे त्या रद्दी समजून फेकतात.

उतारा मिळाल्यावर खिडकीचा सूर बदलला, क्रम मात्र बदलला नाही. तेव्हा मी तोंडी बोलणे बंद केले. गाडी प्रणालीत नसल्यामुळे पीयूसी निघू शकत नाही, हे त्या केंद्राकडून कोऱ्या कागदावर लिहून, शिक्का मारून घेतले. तो कागद, बी एक्स्ट्रॅक्ट आणि 'नोंद आधी करावी, पीयूसी व विमा मी नूतनीकरणाच्या अर्जासोबत देईन' असा लेखी अर्ज आवक विभागात दिला आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला. त्यावर बराच काळ काहीही झाले नाही. मग माहिती अधिकाराच्या अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्या आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर कोणी काय शेरा मारला त्याची प्रत मागितली. मुदत 30 दिवसांची असते. ती संपायच्या आत मला फोन आला आणि साहेबांनी बोलावल्याचे कळले. साहेबांनी फाइल चाळली, खिडकीवरच्या तरुणाकडे पाहिले आणि माझ्या अर्जातलेच वाक्य जवळजवळ तसेच टिपणीत लिहून खाली सही केली. ही सही पहिल्या आठवड्यातही होऊ शकली असती, हे मी त्यांना बोलून दाखवले. ते हसले. मला हसू आले नाही.

नोंद चढवताना आणखी एक विघ्न आले. कंपनीच्या यादीत त्या तरुणाला आयडियल जावा सापडेना आणि 2018 पासून पुन्हा बाजारात आलेली नवी जावा मात्र समोर दिसत होती. तीच निवडतो, नाव तर तेच आहे, असे तो म्हणाला. मी खिडकीतून जवळजवळ आत वाकून त्याला थांबवले. नवी जावा चार स्ट्रोकची, सुरुवातीला 293 सीसीची, वेगळ्या कंपनीची. तशी नोंद झाली असती तर आरसीवरची गाडी आणि माझी गाडी यांचा काही संबंधच उरला नसता, आणि पुढच्या तपासणीत मीच संशयित ठरलो असतो. अखेर यादीच्या तळाशी योग्य पर्याय सापडला. जुन्या येझदी, राजदूत, लॅम्ब्रेटा असलेल्यांनी हा टप्पा स्वतः पडद्याकडे बघत पार पाडावा, घरी जाऊन मेसेजची वाट पाहू नये.

त्यानंतरचे सगळे भराभर झाले. पीयूसीची मला धास्ती होती, कारण जावा धूर सोडतेच. पण 31 मार्च 2000 पर्यंतच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 9000 पीपीएम इतकी मोकळीक आहे. दोन्ही सायलेन्सरांचे बॅफल, म्हणजे आतल्या आवाज दाबणाऱ्या नळ्या, काढून काजळी साफ केलेली असेल आणि पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिलीच्या आसपासच तेल मिसळलेले असेल, तर चांगले इंजिन त्यात बसते. 'थोडे जास्त तेल असू द्या, इंजिनाला बरे' हा जुन्या मिस्त्रींचा सल्ला निदान तपासणीच्या दिवशी तरी ऐकू नये. वारसांची संमतिपत्रे, मृत्यू दाखला आणि गाडी चोरीची नसल्याचा अहवाल मी आधीच जमवून ठेवला होता.

तपासणीला आलेले निरीक्षक वयाने तरुण होते. चॅसिस क्रमांकाची पेन्सिलने छाप घेऊन त्यांनी ती उताऱ्याशी ताडून पाहिली. (रंगाऱ्याला गाडी देण्यापूर्वी ही छाप स्वतः घेऊन ठेवावी आणि क्रमांकावर लांबी, म्हणजे पुटी, भरू नकोस असे त्याला बजावून सांगावे, जुन्या फ्रेमवरचे आकडे मुळात उथळ असतात.) मग गाडी सुरू करून दाखवा म्हणाले आणि स्वतःच उजव्या बाजूला वाकून किक शोधू लागले. मी डावीकडचा गिअरचा दांडा आत दाबून वर उभा केला, किक मारली आणि पहिल्याच किकेत इंजिन बोलू लागले. निरीक्षकांनी मोबाइल काढून मला तेच पुन्हा करायला लावले. इतक्या महिन्यांत त्या आवारात मला पहिल्यांदाच बरे वाटले.

50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, ती का घेतली नाही असे मला बरेच जण विचारतात. तिचे शुल्क 20,000 रुपये आहे, आधी नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक त्यात राहतो, पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मला मंडईतही याच गाडीवरून जायचे होते. प्रदर्शनापुरती गाडी ठेवणाऱ्याने तो मार्ग जरूर घ्यावा.

एक राहिलेच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. जुन्या कार्ब्युरेटरचे रबर त्याने लवकर खराब होते आणि उभ्या गाडीच्या टाकीत ओलावा धरून गंज चढतो. कागदपत्रे अडकून गाडी उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेवावे. माझी राहिली, म्हणून अनुभवाने सांगतो.

आता उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसली आहे. पुढच्या मडगार्डवरची मूळ बाकदार पाटी काढायला मी नकार दिला आणि 285 बाय 45 मिलिमीटरची नवी पाटी हेडलाइटखाली वेगळ्या पट्टीवर लावून घेतली. आरसीवर रंग लाल छापून आला आहे. गाडी मरून, म्हणजे काळपट लाल रंगाची आहे. तो दुरुस्त करून घेण्यासाठी पुन्हा त्या खिडकीवर जा, असे घरचे सांगतात. पुढच्या नूतनीकरणाला पाच वर्षे आहेत, तेव्हा दोन्ही कामे एकदमच करीन असे मी त्यांना सांगितले आहे.