आमची वाटचाल : सात किलोंचा फरक

शर्यतीत घोड्याने किती ओझं वाहायचं ते आधीच ठरलेलं असतं. जॉकी आणि खोगीर मिळून तेवढं भरलं नाही, तर कमी पडेल ते शिशाच्या पट्ट्यांनी पुरं करतात. या पट्ट्या खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत बसतात. ते कापड आम्ही शिवतो : पुण्यात, दोन खोल्यांत, पाच बायका आणि मी.

वडील तबेल्यात सईस होते, त्यामुळे फाटक्या झुली घरी यायच्या. 2003 साली पायमशीनवर मी त्याचाच धंदा केला. पुढच्या वर्षी चाळीस कापडांची ऑर्डर मिळाली आणि एका खिशाची शिवण उसवून पट्टी वाळूत पडली. नशीब, सकाळच्या सरावात! शर्यतीत पडली असती तर नंतरच्या वजनात जॉकी हलका भरला असता आणि जिंकलेला घोडा बाद झाला असता. चाळीसच्या चाळीस कापडं परत आली. दोरा स्वस्तातला घेतला होता, चूक माझीच.

त्या कर्जातून वर येत होतो, तेव्हा मेकायबी दिवा या घोडीचं वेड लागलं. मेलबर्न कप म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर 3200 मीटरची शर्यत. ही घोडी तो तीनदा जिंकली, 2003, 2004 आणि 2005 साली, तिन्ही वेळा ग्लेन बॉस स्वार. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या लिलावात शिंगरू असताना तिला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, म्हणून मालकाने ती ऑस्ट्रेलियाला नेली. मालक टोनी शांतिच, ट्यूना मासळीवाला. कचेरीतल्या पाच बायकांच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून त्याने तिचं नाव ठेवलं. धंद्याला नाव ठेवायला आम्हीही पाचजणींची अक्षरं जोडून पाहिली. जे तयार झालं ते बँकेच्या साहेबांना उच्चारता येईना, तेव्हा आजीचं नाव दिलं.

मला मात्र भुरळ पडली तिच्या पाठीवरच्या ओझ्याची. पहिल्या कपला 51 किलो, दुसऱ्याला 55.5, तिसऱ्याला 58. जिंकाल तसं ओझं वाढवायचं, हा हँडिकॅपचा न्याय. (हप्ते वेळेवर भरणाऱ्याला बँक आणखी कर्ज देते, तसंच.) सात किलो शिसं मी रोज उचलते, तेवढं जास्तीचं घेऊन ती 3200 मीटर पळाली. तो दिवस 1 नोव्हेंबर 2005, आपल्याकडे लक्ष्मीपूजन. वहीपूजनाला बसायच्या आधी निकाल कळला आणि पेढे दोनदा वाटले गेले. त्या शर्यतीनंतर लगेच तिला निवृत्त केलं.

पुण्यात लांब पल्ल्याची मोठी शर्यत म्हणजे इंडियन सेंट लेजर, 2800 मीटर. त्या आठवड्यात आमच्याकडे उसवलेलं घेऊन कोणी आलं की चहा आधी, मशीन नंतर. घाईत शिवलेलं पुन्हा उसवतं, हे चाळीस कापडांनी शिकवलंय.

खिशाला आता तीन शिवणी असतात. प्रत्येक कापड पट्ट्या भरून रात्रभर दोरीवर टांगतो, सकाळी खाली काही पडलेलं नसेल तरच घडी घालतो. तिसरी शिवण फुकटची, असं हिशेब बघणारे आमचे हे म्हणतात. दोऱ्याचं बिल वाढतं, हे खरंय.